नाटक कंपनीत गेलेली मुले आणि मुली

यंदाच्या स्मरणिकेत पाककृती पुरे झाल्या, काहीतरी माहितीचे लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला बजावले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे इतिहास लिहायचा म्हणजे थोडी छातीच धडधडली. परंतु नाट्यसंगीताची आवड माहेरापासून आहे, आणि आमच्या सासूबाई सांगलीच्या असल्यामुळे नाटकाच्या गोष्टी घरात नेहमी चालतात. दुपारच्या वेळी वाचनालयातून आणलेली चरित्रे वाचून जे मनात राहिले ते भगिनींपुढे ठेवीत आहे. हा विषय निवडण्यास घरचेही एक कारण घडले, ते ओघाने पुढे येईल.

जुन्या काळी एखाद्या घरचा मुलगा 'नाटकात गेला' असे म्हणत, तेव्हा सांगणारीचा आवाज खाली येई. मुलगा घर सोडून साधू झाला तर लोक निदान हात तरी जोडत. नाटकात गेलेल्याच्या आईला तेवढेही समाधान नसे. आणि तरीही आपल्या महाराष्ट्रात गळा गोड असलेली किती मुले ह्या कंपन्यांतून गेली! आज आपण ज्यांची पदे रेडिओवर ऐकून हातातले काम थांबवतो, ती बहुतेक मंडळी मिसरूड फुटण्याच्या आधीच रंगभूमीवर उभी राहिलेली होती.

ह्याला कारण नाटकाच्या घडणीतच होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, तिथून मराठी नाटकाचा आरंभ मानतात. पण आपण ज्याला संगीत नाटक म्हणतो ते अण्णासाहेब किर्लोस्करांचे. त्यांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. पात्रांनी स्वतः गायचे, हा त्यातला मोठा नवेपणा. आता शकुंतला गाणार, सुभद्रा गाणार, पण बायकांना तर रंगभूमी बंद. मग शकुंतलेचा आवाज आणायचा कुठून? तो मुलांच्या गळ्यातून आणावा लागला. म्हणून प्रत्येक कंपनीला गाणारी, दिसायला नाजूक, पाठांतराला पक्की अशी मुले सारखी हवी असत. किर्लोस्करांकडे बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर आले आणि त्यांनी शकुंतला, सुभद्रा अशा भूमिका गाजवल्या. ते १९०१ साली ऐन उमेदीत गेले, आणि कंपनीची जणू वाचाच गेली.

कंपनी म्हणजे एक फिरते एकत्र कुटुंबच असे. शे-पाऊणशे माणसे, पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या, आचारी, तबलजी, पेटीवाले, सगळे गावोगाव हिंडत. एका गावी महिना-दोन महिने मुक्काम, मग पुढचे गाव. मुलांना पहाटे उठवून सूर लावायला बसवीत; तालीममास्तरांच्या हाती छडीही असे. दुपारी नकला पाठ करायच्या, रात्री खेळ. तो खेळही तीन तासांचा नव्हे. नऊ-दहा वाजता नांदी झाली की वन्समोअर घेत घेत पहाट होई. बिचारे आठ-दहा वर्षांचे पोर दोन प्रवेशांच्या मधे रंगपटात कपड्यांच्या ढिगावर झोपत असेल आणि त्याची पाळी आली की कोणीतरी गदगदा हलवून उठवीत असेल, असे माझ्या डोळ्यांसमोर येते. शाळा अर्थातच सुटलेली. मात्र खाणेपिणे बरे, अंगावर धड कपडा, आणि वर थोडा पगार. ज्या घरात दोन वेळची भ्रांत होती तिथल्या आईला हे कमी वाटत नसे.

मुलांच्या डोक्यावर एक टांगती तलवार असे, ती आवाज फुटण्याची. चौदा-पंधराव्या वर्षी गळा फुटला की कालची शारदा आज कोणाला नको होई. तो मधला काळ ज्याने गुरू धरून, धीर धरून काढला तो पुढे मोठा नट झाला. ज्याला ते जमले नाही तो मग दासी, द्वारपाल, नाहीतर पडदे ओढणारा. गाजलेल्यांची चरित्रे आपण वाचतो, तेव्हा ही दुसरी मुले ध्यानात ठेवली पाहिजेत, कारण ती संख्येने पुष्कळ होती.

केशवराव भोसल्यांची हकीकत मला सर्वांत चटका लावून गेली. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९०. वडील लवकर गेले, घरात दारिद्र्य, आणि अगदी बाळपणी, ज्या वयात आपण मुलांना बालवाडीत घालतो त्या वयात, ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले. तिथे त्यांची 'शारदा' गाजली. देवलांचे हे नाटक १८९९ सालचे. पैशाच्या लोभाने बाप आपल्या कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, अशी त्याची कथा. (१९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला तो हरबिलास सारडा यांच्या नावाचा, पण आपल्याकडे त्याला सर्रास 'शारदा कायदा' म्हणत, आणि पुष्कळांना तो नाटकाचाच वाटे!) विचार करा भगिनींनो, पोटासाठी घर सोडून आलेले एक पोर, पोटासाठी दिल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख गात होते. ते खोटे कसे वाटेल?

पुढे आवाज फुटल्यावरही केशवराव हटले नाहीत. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' कंपनी काढली. वय अवघे सतरा. आपल्या घरातला सतरा वर्षांचा मुलगा दूध उतू जाताना गॅस बंद करीत नाही, आणि ह्या मुलाने एवढ्या माणसांचा संसार डोक्यावर घेतला! रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम घेतली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान' झाले, त्यात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन धनी एका रंगभूमीवर. त्या रात्रीची गोष्ट लोक अजून सांगतात. पण त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, केशवराव गेले. वय एकतीस. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचे नाव दिले. त्या नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. टीव्हीवर ती बातमी पाहताना आमच्या सासूबाईंनी ताटावरून हात धुतला.

बालगंधर्वांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. कान दुखत असे म्हणून शाहू महाराजांनी त्यांना मिरजेस उपचारासाठी पाठवले, आणि तिथेच किर्लोस्कर कंपनीची गाठ पडून १९०५ साली हा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. शालू कसा नेसावा, अंबाड्यावर फुले कशी माळावी, नथ कशी शोभते, हे आपल्या पणज्या-आज्या एका पुरुषाकडे पाहून शिकल्या, ह्याची मला नेहमी गंमत वाटते.

त्यांचीच एक गोष्ट नेहमी कौतुकाने सांगतात. १२ मार्च १९११, मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करा असे लोक म्हणाले; त्यांनी केला नाही, रात्री भामिनी होऊन गायले. कर्तव्याचा दाखला म्हणून गोष्ट इथे संपते. मला मात्र त्या मुलीची आई, लक्ष्मीबाई, आठवते. प्रेक्षकांना पुरे वाटेपर्यंत नवऱ्याने गायचे आणि ती रात्र बाईने एकटीने काढायची. कलेची किंमत कलावंत देतो हे खरेच. पण त्या किमतीतला अर्धा वाटा घरात बसलेली कोणी देत असते.

मंगेशीचे दीनानाथ हे गोव्याचे देणे. १९०० सालच्या डिसेंबरात जन्म, चौदाव्या वर्षाच्या सुमारास किर्लोस्कर कंपनीत, आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर स्वतःची बलवंत संगीत मंडळी. त्यांचा आवाज चपळ, पंजाबी ढंगाचा. 'भावबंधना'तली त्यांची लतिका आणि 'रणदुंदुभी'तली तेजस्विनी लोकांनी डोक्यावर घेतली. पण १९३१ साली बोलपट आला, पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलू लागला, आणि कंपन्यांचे दिवस फिरले. चार आण्यांत जो तो गाणे ऐकू-पाहू लागल्यावर एवढ्या माणसांचा शिधा, रेल्वेचे भाडे आणि पडदे कोणाच्या जिवावर चालवायचे? थिएटरे एकामागून एक सिनेमाला गेली. बालगंधर्वांसारख्यालाही १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त काम करावे लागले. बलवंतही बुडाली. २४ एप्रिल १९४२ ला पुण्यात दीनानाथ गेले, तेव्हा थोरली मुलगी लता बारा वर्षांची होती.

ह्याच लताची एक आठवण तिने स्वतः पुष्कळदा सांगितलेली आहे. 'सौभद्रा'चा प्रयोग होता, नारदाचे काम करणारा नट आलाच नाही. सात-आठ वर्षांची ही पोर वडिलांना म्हणाली, मी करते नारद. अर्जुन बाप, नारद लेक, आणि तिला वन्समोअर मिळाला. वडील गेल्यावर त्याच वर्षी ती सिनेमात कामाला लागली, भावंडांना जगवायला. ती पुढे कोण झाली हे सांगायला नको. पण बारा वर्षांच्या मुलीला मेकअप आवडत नसताना तो थापून कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागले, ती आवडीची करिअर नव्हती. घरातली चूल होती. आपण विलेपार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात नाटकाला जातो, तेव्हा पाटीवरचे ते नाव वाचताना मला ही दोघे एकदम दिसतात.

आता मुलींकडे वळते. 'कुलीन स्त्रिया रंगभूमीवर आल्या' असे पुस्तकांत लिहितात तेव्हा माझे मन जरा अडते. त्यांच्या आधी ज्या आल्या त्यांना कोणी मोजतच नाही. बेळगावकडच्या स्त्री-नाटक मंडळ्यांत बायकाच पुरुषांची कामेही करीत. दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, पदरी मुलगी. नाटकाचा आधार घेतला म्हणून समाजाने वाळीत टाकले. त्यांची कमला लहानपणापासून रंगभूमीवर होती. १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये ह्या मायलेकी एकत्र दिसल्या. तीच कमला पुढे कमलाबाई गोखले. ज्या कामापायी आईला वाळीत टाकले, त्याच कामावर पुढे त्या घराच्या पिढ्या उभ्या राहिल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, आणि विक्रम गोखले नातू.

हिराबाई बडोदेकर १९०५ सालच्या, मिरजेच्या. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही कन्या. आई मुलांना घेऊन वेगळी झाल्यावर संसार मुलांच्या गळ्यावर आला. हिराबाईंनी तिकीट लावून जलसे केले. डोक्यावर पदर, मान खाली, हातवारे नाहीत, असे बसून गाणारी बाई पाहून घरंदाज बायकाही ऐकायला येऊ लागल्या. १९२९ मध्ये बंधू सुरेशबाबू आणि बहिणींसह त्यांनी नाटक कंपनी काढली, आणि स्त्रियांची कामे स्त्रियांनी, पुरुषांची पुरुषांनी, असे सुरू केले. कंपनी थोड्याच वर्षांत कर्जात बुडाली. ते कर्ज गाण्याच्या बैठकी करून करून हिराबाईंनी फेडले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले हे सगळे सांगतात. मला त्या कर्जफेडीचा अभिमान अधिक वाटतो.

त्यानंतर १ जुलै १९३३ चा दिवस. नाट्यमन्वंतर ह्या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' केले. रात्रभराचे नाटक आटोपशीर झाले, पदे थोडी झाली, आणि एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्ना भोळे त्यात उभ्या राहिल्या. त्या गोव्याच्या बांदिवड्याच्या, माहेरचे नाव दुर्गा केळेकर. नवरा केशवराव भोळे हाच त्या नाटकाचा संगीतकार. लग्न झालेली बाई, नवऱ्याच्या संमतीने, नवऱ्याच्या चालीवर रंगभूमीवर गाते, हे लोकांना नवे होते. १९४२ साली रांगणेकरांच्या 'कुलवधू'त त्यांनी भानुमती केली. ही भानुमती सिनेनटी होते, मिळवू लागते, नवऱ्याला तिचे नाव सोसत नाही, आणि शेवटी ती घराबाहेर पडते. आमच्या सासूबाईंच्या आईने हे नाटक पाहिले होते. परत येताना टांग्यात कोणी कोणाशी बोलले नाही म्हणे! पुरुषांना राग आला होता आणि बायकांना काय वाटले ते त्यांनी सांगितले नाही.

इथे आता घरचे कारण सांगते. माझी धाकटी मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली. सात वर्षे गाणे शिकते. एका हौशी संस्थेच्या 'सौभद्रा'त तिला सुभद्रेसाठी विचारले. तालमी चार महिने, मग कोकण-गोव्याकडे काही प्रयोग. घरात वादळ उठले. ह्यांचे म्हणणे, आधी बी.कॉम. हो, मग काय ते गा. नात्यातल्या एक बाई येऊन बसल्या आणि, 'उद्या स्थळ पाहताना काय सांगणार, मुलगी नाटकात असते?' असे विचारून गेल्या. मुंबईत, आजच्या काळात हे वाक्य ऐकून मी थक्क झाले. शंभर वर्षांत तिकिटाचे दर बदलले, दिवे बदलले, हे वाक्य तसेच!

मुलगी दोन दिवस जेवली नाही. मी काय बोलावे? मला तिची बाजूही कळत होती आणि ह्यांचीही. नाटकावर पोट भरत नाही, ह्यात खोटे काय आहे? वर लिहिलेली बहुतेक नावे कर्जात बुडालेलीच आहेत. संगीत नाटकाचे प्रयोग मोजके, तेही सुट्टीच्या दिवशी. तरुण मंडळी बँकेत, शाळेत नोकरी करून रविवारी गातात. राज्याची संगीत नाट्यस्पर्धा दरवर्षी असते, तिथे पारितोषिक मिळते, पण पारितोषिकाने घरभाडे भागत नाही. म्हणूनच मी वाचनालयात जाऊन ही चरित्रे काढून बसले. पाहायचे होते की ह्या मुलांचे, मुलींचे पुढे झाले काय.

वाचता वाचता एक गोष्ट मला लख्ख दिसली. पूर्वीच्या मुलांना कंपनी किंवा घर, असे दोनपैकी एकच मिळे. पुढे जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी कंपनी आणि घर एकच केले. जयमालाबाई १९२६ सालच्या, लग्नाआधीच्या प्रमिला जाधव. तरुण वयातच त्यांनी बालगंधर्वांबरोबर कामे केली. १९४९ साली निघालेली 'मराठी रंगभूमी' ही संस्था ह्या जोडप्याने पडत्या काळात चालवली, आणि लता व कीर्ती ह्या मुली त्यातच वाढल्या. सासूबाईंनी सांगलीत त्यांचे प्रयोग पाहिले आहेत. कीर्तीताई शाळकरी वयात रंगभूमीवर आल्या. १९७२ साली विद्याधर गोखल्यांचे 'स्वरसम्राज्ञी' आले तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या.

ह्याच कीर्तीताई २०१८ च्या जूनमध्ये आपल्या मुलुंडला आल्या होत्या, हे पुष्कळ भगिनींना आठवत असेल. अठ्ठ्याण्णवावे नाट्यसंमेलन आपल्याकडे कालिदासला भरले, साठ तास सलग चालले, आणि त्याच्या अध्यक्ष कीर्ती शिलेदार. पावसाची सर येत होती, रिक्षा मिळत नव्हती. मी सासूबाईंना आणि धाकटीला घेऊन गेले होते. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची. तिला काय समजले देव जाणे, पण त्यानंतरच ती गाण्याच्या क्लासला लाव म्हणून मागे लागली. जानेवारी २०२२ मध्ये कीर्तीताई गेल्या, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत लताबाई.

शेवटी निकाल सासूबाईंनी दिला. मला वाटले होते त्या ह्यांची बाजू घेतील. रात्री जेवण झाल्यावर त्या ह्यांना म्हणाल्या, 'अरे, आमच्या काळी पोरे पळून नाटकात जात. ही तुला विचारून जाते आहे. तू नाही म्हणून तिला पळायला शिकवू नकोस.' हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तीन अटी घातल्या: कॉलेजची हजेरी चुकवायची नाही, तालमीहून परतताना साडेनऊनंतर एकटीने लोकलने यायचे नाही, स्टेशनवर आपण आणायला जाऊ, आणि कोकणच्या दौऱ्यात मी बरोबर जायचे. तिसरी अट मला शिक्षा म्हणून होती की बक्षीस म्हणून, ते मी विचारले नाही.

'संगीत देवबाभळी' २०१७ साली आले, त्याचा प्रयोग मी नंतर धाकटीबरोबर पाहिला. दोनच पात्रे, आवली आणि रखुमाई, दोन्ही बायका, आणि दोघी स्वतः गात होत्या. तुकोबा नाही, विठोबा नाही, त्यांच्या बायका तेवढ्या एकमेकींशी बोलत होत्या. मला पुन्हा त्या लक्ष्मीबाई राजहंस आठवल्या. आवलीला रंगभूमी मिळाली. लक्ष्मीबाईंवरही कोणी लिहावे.

सध्या आमच्याकडे पहाटे साडेपाचपासून सुभद्रेची पदे चालू असतात. स्वयंपाकघराची खिडकी बंद केली तरी तंबोऱ्याचे ॲप आणि तिचा वरचा षड्ज मजला ओलांडून जातो, हे मला ठाऊक आहे. खालच्या मजल्यावरच्या भगिनींनी अद्याप तक्रार केलेली नाही. पहिला प्रयोग दिवाळीनंतर आहे. तोवर त्यांनी सांभाळून घ्यावे, आणि प्रयोगाला पहिल्या रांगेत येऊन बसावे. पास माझ्याकडे आहेत.